गडग्यावरची वकिली

"फाड! माझ्या डोळ्यांदेखत फाड तो कागद! आणि फाडवत नसेल तर खा!"

अंतोबा वकील खाटेवरून ओरडत होता. डॉक्टरांनी त्याला बोलायची सक्त मनाई केली होती. ओरडण्याबद्दल डॉक्टर काही म्हणाले नव्हते, त्यामुळे तो आठवडाभर फक्त ओरडत होता. वरच्या आळीत लोकांनी घड्याळं लावायचं सोडलं होतं, अंतोबाचं औषध नाकारणं ऐकून ते जेवायला बसत. मी कागद हातात धरून उभा, दाराशी वहिनी पदराचं टोक मुठीत आवळून उभ्या. कागदावर चारच ओळी होत्या. घडल्या प्रकाराबद्दल दिलगीर आहे, कोर्टाने वकिलीची सनद परत द्यावी, खाली सहीला जागा. वहिनींनीच निरोप धाडला होता, "भावजी, तुम्हीच लिहून आणा. तुमच्यावर चिडून का होईना, उठून तरी बसतील." आमच्या रत्नागिरीला रिवाज आहे की वकील वारला की त्याच्या नावाने कोर्ट अर्धा दिवस बंद राहतं. सनद नसलेल्या माणसाला तो मान नाही. वहिनींची इच्छा एवढीच होती की नवऱ्याने वकील म्हणून जावं. मी मात्र दयेपोटी गेलो नव्हतो हे आधीच सांगून टाकतो. अंतोबा 'चुकलो' म्हणताना कसा दिसतो, हे मला एकदा पाहायचं होतं.

ते काही दिसलं नाही. सही झाली नाही, आणि वैशाखात अंतोबा गेला.

संपादक म्हणाले, तुम्ही त्यांना सगळ्यांत जास्त ओळखता, पुरवणीसाठी चार शब्द लिहा, चांगले लिहा. ओळखतो हे खरं. वीस वर्षं एकाच बाररूममध्ये मी त्याच्यासमोर बसलो आणि वीस वर्षं त्याच्याविरुद्ध उभा राहिलो. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये असा संकेत आहे. अंतोबाने आयुष्यात एखादा संकेत पाळला असता, तर मीही हा पाळला असता.

त्याचा आवाज… त्यापासूनच सुरुवात करायला हवी, कारण त्या माणसाकडे दुसरं होतं काय? कायदा त्याला माझ्या निम्माही येत नव्हता. पण तो उलटतपासणीला उभा राहिला की साक्षीदार खरं बोलू लागत, आणि शेजारच्या कोर्टातलेही बोलू लागत, त्यामुळे तिकडच्या दोन बऱ्या चाललेल्या केसेस बिघडल्याचं मला ठाऊक आहे. एकदा त्याने "माय लॉर्ड" म्हटलं तेव्हा छपराची कौलं सरकली आणि त्या पावसाळ्यात बरोबर न्यायाधीशांच्या टेबलावर गळलं. कौलं सरकताना मी पाहिली नाहीत. गळताना पाहिलं.

मग मंदी आली. ज्यांनी ती पाहिली त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिली नाही त्यांना पटायचं नाही. मुंबईच्या गिरण्या थंडावल्या, आमचे चाकरमानी पत्र्याच्या ट्रंका डोक्यावर घेऊन बोटीने परत आले, मनिऑर्डरी थांबल्या. आंब्याच्या पेट्या मुंबईला धाडाव्यात तर बोटीचं भाडं सुटेना, तेव्हा हापूस आम्ही गुरांना घातला आणि गुरं पायरी मागू लागली. अशात कोर्टात कोण येतो? स्टँपाला पैसा लागतो. आवारात एखादा पक्षकार चुकून शिरला, तर आम्ही सात-आठ वकील त्याला असे वेढत होतो की तो फौजदारीचा गुन्हा नोंदवायला पुन्हा आत येई. तेवढंच एक काम निघे. प्रत्येकाने काही ना काही जोडधंदा शोधला. एकाने पोरांच्या शिकवण्या धरल्या, एक कुंडल्या बघू लागला. मी विम्याची एजन्सी घेतली आणि पहिला विमा माझ्या सासऱ्यांचा उतरवला, तेव्हापासून ते माझ्या हातचं पाणी पीत नाहीत. पण हे सगळे धंदे अब्रूचे होते. अंतोबाने काय केलं?

अंतोबाने विचार केला की लोकांचा पैसा आटला आहे, भांडणं आटलेली नाहीत. आणि कोकणातली भांडणं उभी राहतात ती गडग्यावर. गडगा म्हणजे दोन आगरांमधला, माड-पोफळींच्या बागांमधला, चिऱ्यांचा रचलेला बांध. त्याच्या अलीकडे एक घर, पलीकडे दुसरं. पाय कुणी ओलांडायचा नाही, तोंड मात्र सात पिढ्यांपर्यंत ओलांडायचं. या भांडणाला रीत असते. आधी नारळ, मग पाणी, मग आजोबा. रीत पुरी केल्याशिवाय गडी जेवायला जात नाही. अंतोबाने जाहीर केलं, "ज्याला कोर्ट परवडत नाही, त्याने मला गडग्यावर न्यावं." आणि लोक न्यायला लागले हो! काळा कोट, पगडी, वर छत्री, असा हा सनदी वकील बैलगाडीतून लोकांच्या आगरात जाऊन त्यांच्या वतीने शेजाऱ्याला शिव्या देऊ लागला. फी म्हणून भात, कुळीथ, आमसुलं, नारळ. सुके बांगडे देऊ केले तर तेवढे नाकारी, ब्राह्मण ना! त्याऐवजी दोन नारळ जास्त घेई.

नाटे गावी किनाऱ्यावर तो एकदा ओरडला तेव्हा समुद्रातल्या होड्यांनी वादळ समजून शिडं उतरवली. त्याच्या आवाजाने माडावरचे नारळ पडतात अशीही वदंता होती. त्यामुळे काही लोक भांडण नसताना, नुसती नारळ पाडायची मजुरी वाचवायला त्याला बोलावू लागले. हे सांगणारा माणूस खोटारडा आहे, पण त्याच्या ओटीवरची नारळांची रास मी पाहिली आहे. आमच्या घरी तेव्हा रंगूनच्या तांदळाची पेज शिजत होती आणि अंतोबाच्या अंगणात गावठी भाताच्या कणगी उभ्या होत्या. मी रागावलो तो तत्त्वासाठीच, पण कणगीही मला दिसत होत्या.

वहिनींचे हाल वेगळे. हळदीकुंकवाला गेल्या की बायका विचारीत, "आज कुणाच्या आजोबांचा नंबर?" त्या हसत आणि लवकर घरी येत. एकदा मला म्हणाल्या, "भावजी, काळा कोट रोज चिखलाने भरून येतो. मी धुते. पण कोर्टातून आलेला कोट धुण्यात एक सुख होतं…" मी ते अंतोबाला सांगितलं. तो म्हणाला, "तिला सांग, कोर्टातून आलेला कोट खिशाकडून हलका असायचा. धुवायला सोपा."

पुढे पूर्णगडच्या वाटेवरच्या राघो आणि शिवराम या दोन कुणबी भावांचं प्रकरण आलं. वाटणी झालेली, मधे गडगा, गडग्याला लागून राघोच्या बाजूला फणस, आणि फणसाची मोठी फांदी शिवरामाच्या बाजूला झुकलेली. फांदीवरचा फणस कुणाचा? यावरून दोघांनी कोयते उपसून झाले होते, बोलणं बंद होऊन वर्षं लोटली होती. राघोने अंतोबाला नेलं. अंतोबाने पहिल्याच दिवशी शिवरामाच्या अंगणातली कोंबडी खुडूक बसवली. दुसऱ्या दिवशी सकाळी शिवराम रडवेला होऊन अंतोबाच्या ओटीवर. "वकीलसाहेब, दादाला तुमी मिळालंत. मला कोन?"

इथे कुणीही वकील म्हणाला असता, बाबा, मी दुसऱ्या बाजूचा. पण अंतोबा म्हणाला, "खरंच की. माझ्यासमोर उभा राहील असा दुसरा माणूस जिल्ह्यात नाही. मलाच यावं लागेल."

आणि तो दोन्ही बाजूंनी उभा राहिला! सकाळी राघोच्या बाजूने पगडी घालून ओरडायचा. मग गडग्यातलं बेडं, म्हणजे बांबूचं फाटक, उघडून पलीकडे जायचा, पगडी काढून काळी टोपी घालायचा आणि स्वतःलाच उत्तर द्यायचा. "मघाशी पगडीवाले कुणी वकील इथे बरळून गेले…" अशी सुरुवात. मग परत अलीकडे, परत पगडी. लोक राजापुराहून भाकऱ्या बांधून ऐकायला येत. आणि ते दोघे भाऊ? ते गडग्यावर शेजारी शेजारी बसून एका चंचीतलं पान खात ऐकत बसायचे. कोयते कौलात खोचलेले. दर फणसाच्या मोसमाला हे चालू झालं. निकाल कधी लागला नाही आणि कुणी मागितलाही नाही.

आमच्या बाररूममध्ये मात्र आग लागली. वकिलाने दोन्ही बाजूंची फी घेतली की वकिली संपली, हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. पक्षकार दोन असतात, वकिलाला बाजू एकच. तक्रार करायचं ठरलं आणि ती मी लिहिली. चांगली लिहिली. मला त्याचा पश्चात्ताप नाही, पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन, फक्त अक्षर जरा मोठं काढीन.

चौकशीला न्यायाधीश घाटावरचे होते, त्यांना गडगा म्हणजे काय हेच समजावण्यात पहिला तास गेला. अंतोबा पिंजऱ्याशी हात बांधून उभा. राघो आणि शिवराम त्याला वाचवायला म्हणून नवे पंचे खांद्यावर टाकून आले होते. दोघांना एकच शिकवलं होतं, "वकीलसाहेब आले ते पाहुणे म्हणून." न्यायाधीशांनी राघोला विचारलं, "या गृहस्थांनी तुमचं काही नुकसान केलं?"

"नाय साहेब. मान्साची जात देव हाय. माजी बाजू झकास मांडली." राघो थांबला. न राहवून म्हणाला, "पन खरं सांगायचं तर शिवरामाची जरा जास्तीच रंगली."

"माजी?" शिवराम मागच्या बाकावरून उठलाच. "दादा, देवाच्यान खरं बोल! तुज्या बाजून आज्याचा आजापन काडला. माज्या आज्यावरच थांबलं!"

"तुजा आजा नि माजा आजा एकच रे मेल्या!"

"मंग तुजा जास्ती कसा उद्धरला?"

"मी भात जास्ती दिला!"

"नि मी नारळ दिलं ते काय पान्यात गेलं?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "म्हणजे दोघांकडून घेतलं?"

"व्हय!" दोघे भाऊ एका सुरात म्हणाले. वाटणी झाल्यापासून त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

अंतोबाने डोळे मिटून घेतले. त्याचा आवाज त्या दिवशी एकदाही चढला नाही. सनद वर्षभर तहकूब, आणि पुढे लेखी माफी दिल्यावर परत, असा हुकूम झाला. बाहेर पायऱ्यांवर तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तो म्हणाला, "बापू, तक्रार बरी लिहिली आहेस. वाचून मात्र वाईट दाखवलीस. तिसऱ्या बाकाच्या मागे काही पोचलं नाही." आणि छत्री उघडून चालू लागला.

वर्ष सरलं. मंदीही हळूहळू सरली, पक्षकार परत येऊ लागले, आमचे कोट पुन्हा खुंटीवरून उतरले. अंतोबाने माफी लिहिली नाही. वहिनी सांगून दमल्या, मी चिडवून दमलो. "सनद काय, पेन्शन आहे का वर?" असं काहीतरी म्हणून तो बैलगाडीत बसायचा. पण एक पाहिलं आहे मी. कोर्टाच्या रस्त्याने जायचं झालं की तो गाडी आतल्या पाखाडीने, चिऱ्यांच्या पायऱ्यांच्या अरुंद वाटेने, नेत असे. त्या पाखाडीने गाडी जात नाही. बैल अडत, चाक चिऱ्यात रुते, हा उतरून ढकलत असे, पण कोर्टावरून जात नसे. या गोष्टीत माझी एक ओळही वाढवलेली नाही.

तो गेला त्या दिवशी कोर्ट पूर्ण दिवस चाललं. मी सकाळी शिरस्तेदाराला विचारून पाहिलं. तो म्हणाला, सनद नव्हती. बरोबरच होतं, मीच तक्रार लिहिली होती, नियम मला पाठ आहे. माझीच तारीख होती. उभा राहिलो, बोललो, हरलो. संध्याकाळी त्याच्या घरी गेलो तेव्हा वहिनींनी एवढंच विचारलं, "चालू होतं?" मी मान हलवली. त्यांनी खुंटीवरचा काळा कोट काढला, झटकला आणि परत तिथेच टांगला.

परवा कोर्टाच्या एका कमिशनच्या कामासाठी पूर्णगडकडे चाललो होतो. वाटेत तो गडगा लागला. फणस लगडलेला. एक भला मोठा पिकून शिवरामाच्या बाजूला पडला होता, फुटला होता, माशा घोंगावत होत्या आणि वास वाटेपर्यंत येत होता. कुणी उचललेला नाही. राघो अलीकडे सुपारी कातरीत बसलेला, शिवराम पलीकडे दोर वळीत बसलेला. मी गाडी थांबवली. मला स्वस्थ बसवतं थोडंच!

"काय रे राघो, फणस पलीकडे पडलाय. यंदा भांडण नाही वाटतं?"

"वकील गेलं आमचं," राघो म्हणाला.

"अरे, त्याला सनद नव्हती." तो नुसता सुपारी कातरीत राहिला. मग मला काय झालं कोण जाणे, मी गाडीतून खाली उतरलो, कोट सारखा केला आणि म्हणालो, "आणि वकीलच हवा असेल तर मी आहे की. फी नको. दोन्ही बाजूंनी ओरडतो."

राघोने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग गडग्यावरून शिवरामाकडे पाहिलं. शिवरामाने नकारार्थी मान हलवली.

"नको," राघो म्हणाला. "तुमी कोर्टातलं."