लोणारच्या काठावरची चिठ्ठी

परवा नातीला घेऊन लोणारच्या सरोवराच्या काठाशी उतरले. त्या खाऱ्या पाण्याचा उग्र वास नाकात शिरला आणि मी पुन्हा नववीत जाऊन पोचले.

तेव्हा दगडांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई आल्या होत्या. हातोडी घेऊन हिंडणारी बाई आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो. वाट दाखवायला मी आणि माझी मैत्रीण कुसुम गेलो. काचेसारखा काळा दगड सापडला मला, पण बाई सगळा वेळ कुसुमच्याच प्रश्नांना उत्तरं देत राहिल्या. माझा नुसता जळफळाट झाला. निघताना कुसुम पुढे गेलेली होती. बाईंनी घडी केलेली चिठ्ठी माझ्या हातात ठेवली. "कुसुमला दाखव बरं," म्हणाल्या. मी ती न उघडताच काठच्या चिखलात दाबून टाकली.

कुसुमने हेडमास्तरांकडून बाईंचा पत्ता मिळवला, त्यांच्याकडे शिकली आणि नामांकित भूशास्त्रज्ञ झाली. गावाने तिचा सत्कार केला, तेव्हा पहिल्या रांगेत बसून मीही टाळ्या वाजवल्या. कार्यक्रमानंतर ती माझ्याशेजारी येऊन बसली.

"चिठ्ठी तू मले देली नाही, हे बाईच्या पहिल्याच पत्रात समजलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण त्या चिठ्ठीत तुयंही नाव होतं वं. दोघींलेही शिकायले बोलावलं होतं."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला त्याचाही हेवा वाटला.