जुन्या नळीचं माप

मळाची किळस मला लहानपणापासून. नखातला, कॉलरवरचा, कंगव्यातला, कुठलाही मळ बघवत नाही. त्यातही कानातला मळ म्हणजे कहर. आणि गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी, चहा धड पोटात उतरायच्या आत, मी वडिलांच्या कानातला मळ टाचणीने उकरत बसायचो.

म्हणजे कानातून काढलेल्या साच्यातला. कानामागे बसणारं श्रवणयंत्र, त्याच्या माथ्यावर वळलेली कडी, कडीला आरपार दिसणारी नळी आणि नळीच्या टोकाला कानाच्या आकाराचा, मुद्दाम ओतून घेतलेला साचा. लाल ठिपक्याचा उजवा, निळ्या ठिपक्याचा डावा. दोन्ही जुन्या टॉवेलवर मांडले की त्यांचा तो ओशट, पिवळट रंग बघूनच माझं तोंड वाकडं व्हायचं. बायको स्वयंपाकघराचं दार लावून घ्यायची. बाबा समोरच्या खुर्चीत बसून माझ्याकडे टक लावून बघत राहायचे.

बाबांना सगळे मिस्त्री म्हणत. शिलाई मशिनं दुरुस्त करण्यात चाळीस वर्षं गेली. कपड्यांच्या कारखान्यात एका छपराखाली तीनशे मशिनं धडधडत असायची. त्यात हा माणूस शिरायचा, स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचा, मूठ कानामागच्या हाडाला लावायचा आणि सांगायचा, "शटल झिजलंय." उघडलं की शटलच झिजलेलं. त्या तीनशे मशिनांनी शेवटी त्यांचे कान खाल्ले. कारखान्याच्या मालकाने निरोपाला घड्याळ दिलं. गजराचं! मला त्या माणसाचीही किळस येते.

बाबांचा स्वभाव खवट. संध्याकाळी ते स्वतःचं दुरुस्तीचं दुकान चालवत. तिथे कोणी झिजलेला भाग घेऊन आलं आणि "ह्याच मापाचा नवा द्या" म्हणालं, की ते तो भाग हातातसुद्धा घेत नसत. "मशीन घेऊन या. माप जागेवर घ्यायचं. हा तुकडा झिजलाय, ह्याचं काय ऐकता?" गिऱ्हाईक तणतणत जायचं आणि दुसऱ्या दिवशी मशीन डोक्यावर घेऊन परत यायचं.

गेल्या वर्षी नळ्या बदलायची वेळ आली. पिवळ्या पडून कडक झाल्या होत्या. श्रवणयंत्रांचं दुकान शहराच्या दुसऱ्या टोकाला, पहिल्या मजल्यावर. बाबांना जिना चढवायचा, रांगेत बसायचं, कोणाकोणाच्या कानात डोकावणारी माणसं बघायची. कोणी सांगितलंय? मी घरबसल्या सगळं मागवलं. मीटरभर नळी, दोन जादा कड्या, यंत्राला घालायची रंगीत कव्हरं, मानेत अडकवायची दोरी आणि रबरी टोप्यांचं पाकीट. टोप्या बारीक नळीच्या यंत्राच्या निघाल्या, आमच्या साच्यावर त्यांचं काही काम नव्हतं. सोबत मागवलेल्या बॅटऱ्यांवरचे चिकट कागद मी एकदमच सोलून ठेवले, सारखं सारखं कोण सोलणार म्हणून. कागद निघाला की बॅटरीत हवा शिरते आणि ती संपू लागते, हे मला पंधरा दिवसांनी कळलं. तोवर सगळ्या बसल्या होत्या.

नळी मात्र मी झकास कापली. मी नकाशे काढतो. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर हाताखालच्या लोकांना फाडून खातो. जुनी नळी पट्टीला लावली, नवी शेजारी धरली, ब्लेड फिरवलं. तंतोतंत.

त्या दिवसापासून यंत्रं शिट्टी वाजवायला लागली. बारीक, उंच, दातात कळ जाईल अशी. बाबांना ती ऐकू जायची नाही, आम्हाला जायची. जेवताना शिट्टी, फोनवर बोलताना शिट्टी. "बाबा, बंद करा ते!" आम्ही हातवारे करून ओरडायचो. ते साचा कानात दाबायचे, पुन्हा दाबायचे. मग एक दिवस त्यांनी यंत्रं काढून डबीत ठेवली आणि आम्ही सुटलो. हो, सुटलो असंच वाटलं मला. रविवारी साफ करायचा नेम तेवढा चालू होता, कारण नेम मोडला असता तर मला वाईट मुलगा झाल्यासारखं वाटलं असतं.

पुढे बाबा विचारलं एक, सांगायचे दुसरंच. आम्ही हसलो की चार क्षणांनी हसायचे. मी ब्लेड-पट्टी घेऊन नकाशाला बसलो की जवळ येऊन कान ओढून दाखवायचे आणि म्हणायचे, "माप जागेवर घे." दहा वेळा तेच. ताई आली होती, तिच्यासमोरही तेच. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली.

"ते अजून दुकानातच आहेत रे," ती म्हणाली. "डोकं गेलंय त्यांचं. आपल्याला नाही झेपणार."

मी नाही म्हणालो नाही. ताईने शहराबाहेरचा एक वृद्धाश्रम शोधला. सोमवारी न्यायचं ठरलं. अर्ज मी भरला. 'भान राहते का?' या प्रश्नापुढे 'नाही'च्या चौकोनात नीट खूण केली. खाली लिहिलं होतं, श्रवणयंत्र असल्यास चालू स्थितीत, सुट्या भागांसह आणावे. म्हणून, केवळ म्हणून, शनिवारी मी बाबांना त्या दुकानात घेऊन गेलो.

काउंटरवरच्या बाईंनी डबी उघडली. वर्षानुवर्षं लोकांचे कान हाताळून त्यांच्या चेहऱ्यावर किळस उरलीच नव्हती. साचा उचलला, उजेडात धरला, फुंकर मारली. मी दुसरीकडे बघितलं.

"नळी कोणी कापली?"

"मी," मी जरा तोऱ्यातच म्हणालो. "जुनीच्या बरोबर मापाने."

तेव्हा मात्र त्यांच्या चेहऱ्यावर किळस आली. माझी.

"अहो, नळी जुनी झाली की आखडते. तिच्यावरून नवी कापलीत म्हणजे पहिल्या दिवसापासून आखूड लावलीत. साचा वर ओढला जातो, कानात फट राहते, त्या फटीतून आवाज बाहेर येतो आणि पुन्हा यंत्रात घुसतो. शिट्टी वाजणारच! नळीचं माप नळीवर घेतात का? कानावर घ्यायचं."

त्यांनी बाबांच्या कानात साचा बसवला, यंत्र कानामागे ठेवलं, लांब नळी वर आणली, कडीशी टेकली तिथे पेनाने ठिपका दिला आणि कापली. मग माझी नळी तिच्याशेजारी ठेवली. चार मिलिमीटर. वर्षभर आम्ही एका माणसाला गप्प बसवलं ते चार मिलिमीटरवर.

बाईंनी दुसऱ्या कानाचीही तशीच कापली, नव्या बॅटऱ्या घालून यंत्रं चालू केली आणि विचारलं, "येतंय का ऐकू?"

बाबांनी मान वर केली. "त्या पंख्याचं बेअरिंग गेलंय." मग माझ्याकडे वळले. "वर्षभर सांगतोय. माप जागेवर घे. जागा म्हणजे माझा कान, गाढवा!"

मला माझीच घाण वाटली.

बाबा मात्र काउंटरला टेकून सामान निवडायला लागले. नळीची गुंडाळी बोटांत दाबून बघितली, एक परत केली, दुसरी घेतली. साच्यातून नळी ओवायची तार. यंत्रातली ओल शोषणाऱ्या दाण्यांची डबी. नळीतलं पाणी उडवायचा रबरी फुगा. बॅटऱ्यांच्या पाकिटांवरच्या तारखा तपासल्या.

"एवढं कशाला, आजोबा?" बाई हसल्या. "चार महिन्यांनी इथेच या, मी बदलून देईन."

"तिथून नाही यायला जमणार. कापायचं मला शिकवून ठेवा."

"तिथून म्हणजे कुठून?"

"मुलाला विचारा. कागद त्याच्या खिशात आहे." बाबांचा आवाज अगदी साधा होता. "आठवडाभर टेबलावर पडला होता. कान गेले माझे, डोळे आहेत. खूण छान केली आहेस. चौकोनाच्या बाहेर रेघ नाही."

बाई हातात ब्लेड धरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी खिशातला अर्ज काढला आणि फाडला. फाडताना तो नेमका आडवा-तिडवा फाटला.

"कुठेही जायचं नाही," मी म्हणालो.

"ओरडू नकोस. येतंय ऐकू." मग ते बाईंकडे वळले. "तरी शिकवा. घरीच राहायचं म्हटल्यावर तर शिकायलाच हवं."

ताईला मी त्याच संध्याकाळी फोन केला. बरंच बोललो, ती रडली, मीही फार शहाण्यासारखं बोललो नाही. दुसऱ्या दिवशी रविवार. सवयीने मी टॉवेल आणि टाचणी घेऊन टेबलाशी गेलो, तर बाबा आधीच बसलेले. साचे स्वच्छ धुतलेले, फुगा हातात. टाचणी त्यांनी माझ्याकडून घेतली आणि कचऱ्यात टाकली.

"बाबा, निदान साफ तरी मला करू द्या."

"नको," ते म्हणाले. "तुला किळस येते. तीन वर्षं दर रविवारी बघतोय मी तुझं तोंड."