पंधरा दिवसांची तारीख

येरमाळ्याच्या हरणाबाईंचं वजन शहाण्णव किलो होतं आणि दोन्ही गुडघे कामातून गेलेले. "ऐंशीच्या आत या, मग ऑपरेशन करू," असं तालुक्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं आणि 'तेलकट टाळा' असा छापील कागद हातात ठेवला. कागद वाचून कुणी बारीक झाल्याचं येरमाळ्यात अजून ऐकिवात नाही.

बाईंनी स्वतःच्या अकलेनं उपाय काढला. मंगळवार-शुक्रवारचे उपवास होतेच. त्यात सोमवार, चतुर्थी आणि एकादशी जोडली. महिन्यात वजन दोन किलोनं वाढलं. देवी पावत नव्हती असं नाही, पण साबुदाणा, बटाटा आणि शेंगदाण्याची आमटी तिच्या आधी पावत होती.

हे उघडकीला आणलं त्याच दवाखान्यातल्या सिस्टर ज्ञानेश्वरीनं. ती दर पंधरा दिवसांनी बाईंना काट्यावर उभं करी आणि काय काय खाल्लं ते खोदून खोदून विचारी.

"मावशी, ह्यो उपवास हाय का जेवणावळ?"

"अगं, धान्याचा कण तरी हाय का त्यात?"

"एकच वार धरा. त्या दिवशी ताक. सोळा तारखेला बघते मी."

या 'बघते'च्या धाकानं बाई बारशातला लाडूसुद्धा न खाता पदरात बांधून सुनेला आणून देऊ लागल्या. आठ महिन्यांत काटा त्र्याऐंशीवर आला.

मग वरून हुकूम आला. पेशंटची प्रगती समाधानकारक, आता सहा महिन्यांनी यावं. ज्ञानेश्वरीला लसीच्या टेबलावर बसवलं. ज्या औषधानं उतार पडला तेच आधी बंद करायचं, हे शास्त्र कुठल्या पुस्तकातलं, कोण जाणे! सहा महिन्यांनी काटा एक्क्याण्णव.

"मावशी, मनावर ताबा पायजे," कारकून उमाशंकर रजिस्टरातून मान वर न काढता म्हणाला.

"ताबा व्हता की! त्याला लसीच्या टेबलावर बसिवलं तुमी."

"पुढची तारीख सहा महिन्यांनी..."

"पंधरा दिसांची लिव्हा."

"तसा नियम न्हाय."

बाई काट्यावरून उतरल्याच नाहीत. गुडघे लटलटत होते. मागं रांग वाढली.

"ओ मावशी, आमचं बी वजन करायचंय की!" एक गरोदर बाई म्हणाली.

"करू की बाय. ह्याला आदी लिव्हू दे."

उमाशंकर डॉक्टरांना विचारायला गेला. डॉक्टर जेवायला गेले होते. परत येऊन त्यानं पंधरा दिवसांनंतरची तारीख घातली.

"आन् इचारनार कोन?" बाई अजून काट्यावरच.

उमाशंकरनं हताशपणे लसीच्या टेबलाकडं पाहिलं. तिथून ज्ञानेश्वरी ओरडली, "मीच इचारते! उतरा आता, पडचाल!"

तेव्हा कुठं हरणाबाईंनी उतरायला भिंतीला हात लावला.