मी बेल-भंडारा उचलला नाही

अण्णांनी पितळी ताटली माझ्यापुढं सरकवली. तीत बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा. "उचल," ते म्हणाले. "म्हण, म्या असलं काय बघितलं न्हाई."

महाळुंगे पडवळला आमच्या ओसरीवर भावकी बसली होती. अण्णा माझे थोरले चुलते. आमच्याकडं बेल-भंडारा उचलून कुणी खोटं बोलत नाही, आणि जो उचलत नाही तो दोषी. बांधाची भांडणं अशीच मिटतात. बाईपुढं ताटली आलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी पुण्यात एम.फिल. करत होते. विषय होता, ब्ल्यू फिल्ममध्ये तृतीयपंथी माणसं कशी दाखवतात. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्यावर थांबत का नाही. त्यांना नाव का नसतं. घरी मी फक्त 'सिनेमा' एवढंच सांगितलं होतं. सुट्टीत जुन्नरच्या एका सीडीच्या दुकानात गेले आणि मान खाली घालून अभ्यासासाठी अशा सीड्यांची रिकामी कव्हरं मागितली. जुन्नरच्या बाजारात 'कुणाची गं तू' विचारल्याशिवाय कुणी पिशवीसुद्धा देत नाही, हे मी विसरले. माझी एसटी गावात पोचण्याआधी बातमी पोचली.

"हिजड्यांच्या सीड्या मागती," अण्णा म्हणाले. "इंग्रजी शाळंत घातली, त्याचं फळ."

"आन ती सीडी दुकानात नव्हतीच राव," चुलतभाऊ म्हणाला. "भाड्यानं बाहेर गेलेली."

सगळे हसले. कुणाकडं गेलेली, हे कुणी विचारलं नाही. ताटली चुलतभावाकडं सरकली नाही.

वर्गात मी या विषयावर इंग्रजीत न अडखळता बोलले होते. ओसरीवर एक वाक्य जुळेना. भावकीत कुजबूज चालली होती, हिचं लग्न कसं व्हायचं. हिनं काय काय बघितलं असंल. माझं नाव कुणी घेत नव्हतं. अंगाकडं मात्र बघत होते. धाकटे चुलतेसुद्धा, ज्यांनी मला खांद्यावर बसवून जत्रेला नेलं होतं. मी ओढणी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसले. पडद्यावरच्या ज्या नजरेबद्दल मी पानंच्या पानं लिहिली होती, ती आज माझ्यावर होती.

"न्हाई उचललंस तर पुण्याला जायाचं बंद," अण्णा म्हणाले.

वडील शेजारीच होते. हळूच म्हणाले, "उचल ना बाळा. न्हाई बघितलं म्हण. मिटंल."

मला उचलायचं होतं. हात पुढं गेलाही. उचललं असतं तर मी सुटले असते, आणि पडद्यावरची ती माणसं माझ्या तोंडानं पुन्हा घाण ठरली असती. मी हात मागं घेतला.

"बघितलंय."

आवाज इतका बारीक की अण्णांनी "काय?" विचारलं. परत सांगावं लागलं.

"बघितलंय. तोच माझा अभ्यास आहे."

वडील उठून गोठ्याकडं गेले. त्या दिवशी मला जेवायला कुणी हाक मारली नाही. सकाळी स्टँडवर सोडायला कुणी आलं नाही. मंचरपर्यंत रडत गेले. धीर वगैरे काही आला नाही. भीती अजून आहे. वडील फोनवर एवढंच विचारतात, "सोडला का विषय?" नाही म्हटलं की फोन ठेवतात.

विषय सोडणार नाही. प्रबंधाच्या पहिल्या पानावर माझं नाव असेल, वडिलांचं असेल आणि भावकीचं आडनावही असेल. ते काढा म्हणून अण्णा पुण्यापर्यंत आले तरी काढणार नाही.