झमकुमाच्या ठोक्यांचा निकाल

कच्छच्या झमकुमाचा जन्म मेंढ्यांमागं चालण्यात गेला होता. यंदा मात्र तिच्या लेकानं, करसननं, भुजहून एक घड्याळ आणून हुकूम सोडला, "मा, हे बांधून टेकडी चढून दाखव. छातीचे ठोके बेताचे राहिले तरच उंटांवर बिऱ्हाड लादून कळपाबरोबर जायचं. नाहीतर घरी बसायचं."

घड्याळ कातडीवर हिरवा उजेड पाडून आतल्या रक्तावरून ठोके मोजायचं. झमकुमाच्या मनगटावर ते नुसतंच लुकलुकलं. आकडा काही येईना.

"गेलीस वाटतं!" नवरा राणाभाई म्हणाला. "मग भाकरी कोण थापणार?"

"भूत थापेल. गप बसा तुम्ही."

करसनच्या डोक्यात प्रकाश पडला. माच्या मनगटापासून कोपरापर्यंत गच्च गोंदण. त्या शाईतून उजेड आत शिरेना. "दंडावर बांधू, मा. तिथल्या बांगड्या उतरव."

"नवरा जिवंत असताना?"

"घड्याळापायी मला मारू नका रे!" राणाभाई ओरडला.

झमकुमानं बांगड्या खांद्याकडे सरकवल्या, खालच्या कोऱ्या कातडीवर घड्याळ ठेवलं आणि उंटाच्या लोकरीच्या दोरीनं आवळलं. आकडा उगवला! मग ती घागरा खोचून टेकडीवर अशी निघाली, की मेंढ्यांनीही लाजावं. माथ्यावर पोचली तरी ठोके बेताचेच. करसन धापा टाकत मागून आला, तेव्हा तिनं घड्याळ त्याच्या मनगटावर चढवलं. त्याचा आकडा बघून तिला हसू आवरेना.

"बस रे, लेकरा. दम घे."

आणि खाली वळून तिनं साऱ्या वस्तीला हाळी दिली, "उंट लादा रे! मी येतेय!"