तांदळात लिहिलेलं नाव

लग्नात मी बायकोचं नाव बदललं. आपल्यात बदलतातच की. ताटातल्या तांदळात अंगठीनं नवं नाव लिहिलं, पेढे वाटले. पुढं तेच रेशनकार्डावर चढलं. आधार काढताना मात्र तिनं शाळेचा दाखला दिला, त्यावर माहेरचं नाव. मी म्हटलं, असू दे, काय बिघडतंय?

बिघडलं ते गेल्या वर्षी. तिच्या हृदयाच्या तीन नळ्या बंद निघाल्या. डॉक्टर म्हणाले, आठवड्याच्या आत बायपास करा. मी सोलापुरात युनिफॉर्म शिवणारा कारागीर. सरकारी योजनेशिवाय हे आम्हाला झेपणारं नव्हतं. दवाखान्यात योजनेच्या खिडकीवरच्या पोरीनं दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "काका, या दोन वेगळ्या बायका दिसतायत." चूक माझी आणि जीव तिचा.

कोर्टाजवळ जाऊन प्रतिज्ञापत्र केलं, दोन्ही नावांची बाई एकच म्हणून. मग मंजुरीची वाट बघत तीन दिवस आयसीयूबाहेरच्या बाकावर. तिथं वादाला तोटा नव्हता. वडिलांना घेऊन आलेला मोहोळचा एकजण म्हणाला, "समद्यांनाच फुकट करा की! कार्ड कशाला बघताय?"

शेजारी एक निवृत्त मास्तर होते. ते म्हणाले, "फुकट कराल, पण खाटा कुठून आणाल? आधी सरकारी दवाखाने धड करा."

माझं डोकं फिरलं. "अवो मास्तर, खाट हाय! माझी बायको खाटेवरच पडलीय. आधी उपचार करा, कागद मागनं तपासा. एवढं एक करा म्हणावं सरकारला!"

"आणि खोटे लोक घुसले तर?"

कागदावर तर मीच खोटा ठरलो होतो.

चौथ्या दिवशी सकाळी नर्सनं दार उघडून कुणाचं तरी नाव पुकारलं. त्या दारातून हाक आली की ती बहुतेक वाईट बातमीचीच असायची. पुन्हा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारलं. बिचारीचं कुणी नाही वाटतं, असं मनात आलं, आणि खरं सांगतो, आपलं नाही म्हणून बरंही वाटलं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ते तिचं माहेरचं, आधारवरचं नाव होतं. मी धावलो.

मंजुरी आली होती, तिला ऑपरेशनला नेत होते. स्ट्रेचरवरून तिनं माझी बाही घट्ट धरली. हात गारठलेला.

"तीनदा हाक मारली ओ त्यांनी," ती म्हणाली. "मला वाटलं, तुमी घरी निघून गेलात."