दुसऱ्या सॉकेटचा दिवा

सुधीरराव गेल्याचा फोन आला तेव्हा मी विजय नगरच्या घरी दाढी करत होतो. फोनवर नंदाताई होत्या, माझ्या बायकोची थोरली बहीण. आवाजात रडणं नव्हतं. "भाऊजी, हे उठून नाही राहिले," एवढंच म्हणाल्या, आणि जरा थांबून, "तुम्ही या आधी. मीनाला मागून येऊ द्या." अर्धी दाढी तशीच ठेवून मी स्कूटर काढली. चेरीतालला त्यांच्या घरी पोचलो तेव्हा सुधीरराव कुशीवर झोपल्यासारखे होते आणि शेजारच्या टेबलावर त्यांचा तो उघडा सर्किट बोर्ड चालूच होता. हिरवे दिवे लुकलुकत होते… त्या क्षणी माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, आता यातून काय काय बाहेर येणार आहे कोण जाणे.

असं का वाटलं ते सांगायला हवं. सुधीरराव माझे साडू. इथल्या एका संरक्षण कारखान्यात इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. माझी नोकरी एका केंद्रीय कार्यालयात, लेखापरीक्षणाची. कारखान्यातून निवृत्त झालेला माणूस परदेशातल्या अनोळखी लोकांना रोज मेल लिहितो, त्याच्या घरी बाहेरून सुट्या भागांची पाकिटं येतात, आणि या कामाचे त्याला कोणी पैसे देत नाही, हे ऐकून ज्याला शंका येत नाही त्याने लेखापरीक्षण करू नये, असं माझं मत आहे. ते मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं होतं.

"या, ऑडिट आलं," असं ते मला दारातच म्हणत.

"फायदा कोणाचा यात?" मी विचारत असे.

"ज्याच्या घरी हा डबा आहे त्याचा."

"त्याला तुम्ही ओळखता?"

"नाही."

"अच्छा. म्हणजे ओळख नाही, पाळख नाही, आणि फुकट काम. तुम्हाला यात काही खटकत नाही?"

"खटकतं ना साडूभाऊ. पण त्यांनाही मी तेवढाच खटकतो. चलो, हिशोब बरोबर."

तो डबा म्हणजे घरात इंटरनेट वाटणारं एक साधं यंत्र; आत चिपा बसवलेला बोर्ड, कडेला तार जोडायची दोन सॉकेटं, प्रत्येकाचा एक हिरवा दिवा. ते बनवणाऱ्या कंपनीने दुकान बंद केलं, आणि आतलं सॉफ्टवेअर जुनं होत गेल्यावर लोक चांगले डबे भंगारात देऊ लागले. सुधीररावांना ते बघवेना. जगभरातली माणसं मिळून एक खुली ऑपरेटिंग सिस्टिम सांभाळतात. तिचा गाभा म्हणजे कर्नेल. हा कर्नेल कुठल्याही बोर्डावर चालू शकतो, पण त्या बोर्डावर कोणती चिप कुठे बसवली आहे, कोणती तार कुठे जाते, हे त्याला कोणीतरी आधी लिहून द्यावं लागतं. ते लिहिण्याचं काम सुधीरराव करत होते. लिहून झालं की ते सगळ्यांसमोर मेलने मांडायचं, खाली आपलं नाव घालून त्याची जबाबदारी घ्यायची, आणि कोणीही उठून त्यात चुका काढायच्या. यान नावाचा एक परदेशी गृहस्थ त्यांचं काम तपासत असे. या कामात कोणी कोऱ्या पानावरून सुरुवात करत नाही. मिळत्याजुळत्या बोर्डाची माहिती घ्यायची आणि फरक असेल तिथे बदलायची, अशी रीत. चुका तिथेच लपतात. शेजारच्या बोर्डाचं एखादं कलम आपल्याकडे तसंच राहून जातं.

एकदा त्यांच्या खांद्यावरून मी यानचा मेल वाचला. "हे तुम्ही स्वतः मोजलं, की दुसरीकडून उतरवलं?" मी कार्यालयात हेच विचारत आलो आहे. प्रश्न मला आवडला, माणूस नाही. इतक्या सभ्यपणे खोदून खोदून विचारणारा माहितीच काढत असतो, असं मी घरी येऊन मीनाला म्हणालो. त्यात आणखी एक होतं. मी चेरीतालच्या त्या खोलीत पाऊल टाकलं की सुधीरराव उठून बोर्डाचा प्लग काढत. दर वेळी. समोरच्या कॉम्प्युटरचा पडदा तिथेच थांबायचा, आणि ते मला घेऊन बाहेर बसायचे. मी मनात नोंद केली.

तेराव्यानंतर नंदाताईंनी मला बोलावून कॉम्प्युटर उघडून दाखवला. सुधीररावांचा यानला गेलेला शेवटचा मेल असा होता: दुसरं सॉकेट माझ्याकडे चालतं, पण बोर्ड पुरता गार असताना चालतं का याची खात्री नाही, उद्या बघून सांगतो. खाली यानची दोन उत्तरं. पहिलं, थांबतो. दुसरं, अजून थांबलो आहे.

दुःखातल्या घरी असे मेल येतात आणि मागून बँकेचे नंबर विचारतात, हे मी पाहिलेलं आहे. म्हणून मीच रोखठोक लिहिलं: सुधीरराव वारले, तुम्ही कोण आणि तुम्हाला नेमकं काय हवं आहे? उत्तरात सांत्वनाचं एक वाक्य होतं. पुढे लिहिलं होतं की हा बोर्ड आमच्यापैकी दुसऱ्या कोणाकडे नाही. कोणी एवढी चाचणी करून दिली तर काम सुधीर यांच्या नावाने कर्नेलच्या आत घेता येईल, नाहीतर बाहेरच राहील. दोन्ही सॉकेटना तार जोडायची, प्लग काढून बोर्ड गार होऊ द्यायचा, प्लग लावायचा, आणि दिवा लागला की नाही तेवढं कळवायचं. पासवर्ड नाही, नंबर नाही. मला यात कुठे पेच सापडेना, आणि त्याने माझी शंका वाढलीच.

"ह्यांचं नाव राहील म्हणते ना तो?" नंदाताईंनी विचारलं. त्यांना तेवढंच हवं होतं. इतकी वर्षं हे खोलीत बसून काय करून राहिले, हे सांगायला त्यांच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

मी प्लग काढला, लगेच लावला. दोन्ही दिवे लागले.

"झालं. लिहा," त्या म्हणाल्या.

"गार व्हायला हवा ताई. किती वेळ प्लग काढून ठेवायचे ते?"

"तुम्ही येऊन जाईपर्यंत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही आले की काढायचे ना. एरवी त्यांना धीर नव्हता, लगेच लावायचे. साडूभाऊ चहा पिऊन, भांडून जातात तेवढ्यात बरोबर गार होतो म्हणायचे. त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही आलेच नाही."

मी प्लग काढला. आम्ही बाहेर चहा घेतला. भांडण झालं नाही. परत आत येऊन प्लग लावला. पहिला दिवा लागला. दुसरा लागला नाही. पुन्हा सगळं केलं… नाही लागला.

"हो म्हणून टाका ना भाऊजी. कोण येते चेरीतालला बघायला?"

"नाही ताई."

"काहून नाही? नाव जाईल त्यांचं."

"चालतं लिहिलं आणि कोणाच्या घरी नाही चाललं, तर शिव्या त्याच नावाला बसतील."

मी लिहीत होतो तोवर त्या पाठ फिरवून उभ्या होत्या. पाठवायच्या आधी म्हणाल्या, "दोनदा बघितलं, तेही लिहा."

यानचं उत्तर आलं. दुसऱ्या सॉकेटला जाग आणणारी तार शेजारच्या बोर्डाप्रमाणे लिहिली गेली होती, या बोर्डावर ती बहुधा दुसरीकडे जाते; लगेच प्लग लावला की सॉकेट आधीचं जागंच असतं, म्हणून ते कळत नव्हतं. एवढा भाग वगळून बाकीचं तो घेणार होता. चाचणी करणारा म्हणून माझं नाव घालू का, असंही त्याने विचारलं. नाव कशाला हवं, मी विचारलं. "पुढे बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून," तो म्हणाला. नाव मागण्याचं इतकं सरळ कारण मला क्वचितच कोणी दिलं असेल. मी नाव दिलं. काम आत गेलं. नंदाताईंनी पडद्यावर बोट ठेवून सुधीररावांचं पूर्ण नाव वाचलं, मग खालचं माझं वाचलं, आणि "ठीक आहे" म्हणाल्या.

नावासोबत तिथे मेलचा पत्ताही असतो. गेल्या आठवड्यात सुधीररावांच्या पत्त्यावर एका अनोळखी माणसाचा मेल आला. "सुधीर, माझ्याकडे हाच बोर्ड आहे आणि दुसरं सॉकेट व्यवस्थित चालतं. तुम्ही ते का वगळलं?" हा माणूस कोण, कुठला, काही लिहिलेलं नाही. मी बसलो, आणि सुधीरराव आता नाहीत, असं पहिलं वाक्य लिहायला घेतलं.

"थांबा," नंदाताई म्हणाल्या. त्यांनी सुधीररावांची खुर्ची ओढली आणि तीत बसल्या. "आधी त्याला विचारा, गार करून पाहिलं होतं का. ह्यांचं मागून सांगा."